बुडापेस्टचा वीकेंड: वाचक विचारतात

मागच्या अंकात छोट्या सुट्टीसाठी बुडापेस्टचं नाव एका ओळीत घेतलं होतं, झालं, पत्रांचा ढीग. गंमत म्हणजे गावाबद्दलचे प्रश्न कमीच, सोबत येणाऱ्या मित्र-मैत्रिणीचं काय करायचं हेच जास्त. म्हणून या वेळी सगळा कॉलम हंगेरीच्या राजधानीलाच देऊन टाकलाय.

प्रश्न: ताई, मी जर्मनीत मास्टर्स करतेय आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण नेदरलँड्समध्ये नोकरी करते. शुक्रवारी रात्री आम्ही दोघी बुडापेस्टला भेटतोय, रविवारी रात्री परत. रील्स बघून बघून मी यादी केलीय ती आता बावीस ठिकाणांची झालीय, मैत्रीण म्हणते डोकं फिरलंय का तुझं. होईल का दोन दिवसांत? आणि वेगळा व्हिसा लागतो का?

उत्तर: आधी सोपं ते संपवू. हंगेरी 2007च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, तुमच्या दोघींकडे शेंगेन देशाचं चालू रेसिडेन्स परमिट असेल तर अशा छोट्या ट्रिपला वेगळा व्हिसा लागत नाही. फक्त पासपोर्ट आणि परमिट कार्ड दोन्ही जवळ पाहिजेत, नुसतं कार्ड घेऊन निघू नका.

आता बावीस ठिकाणं. मैत्रिणीचं बरोबर आहे गं! म्हणजे पाय मोडेपर्यंत पळलात तर बावीस ठिकाणांसमोर उभं राहून फोटो काढून होतील, पण संध्याकाळी दोघी एकमेकींवर खेकसायला लागाल ते वेगळं. या शहराचं एक बरं आहे की नदीनेच अर्धं काम करून ठेवलंय. डॅन्यूबच्या पश्चिमेला बुडा, टेकड्यांचं, चढ-उताराचं, आणि पूर्वेला पेस्ट, सपाट, रस्ते-दुकानं-कॅफेवालं. 1873पर्यंत ही वेगळीच गावं होती, बुडा, जुनं ओबुडा आणि पेस्ट मिळून मग एक राजधानी झाली. तर तुम्हीही तसंच करा, एक दिवस बुडाचा आणि एक पेस्टचा, आणि दिवसातून चार-चार वेळा नदी ओलांडायची नाही. यादी बावीसची आहे ना, ती दोन भागांत लिहून काढ, नदीच्या या बाजूची आणि त्या बाजूची, लगेच कळेल काय गाळायचं ते.

मी शनिवार बुडाला देईन. सकाळी लवकर, म्हणजे खरंच लवकर, फिशरमन्स बॅस्टियनवर जा. नावावरून आणि बुरुजांवरून किल्ला वाटतो पण तो 1895 ते 1902 या काळात शोभेसाठी बांधलाय, फ्रिजेश शुलेक नावाच्या आर्किटेक्टने, सात बुरुज म्हणजे मग्यार (हंगेरियन) लोकांच्या सात टोळीप्रमुखांची आठवण. तिथून समोर नदी आणि पलीकडे पार्लमेंट, तुझ्या रील्समधला तो फोटो इथलाच. नऊ-दहा वाजले की ग्रुप टूरवाले यायला लागतात आणि मग कमानीत उभं राहायला रांग लागते, त्यामुळे नाश्ता नंतर, आधी बॅस्टियन. वरच्या गच्चीला तिकीट आहे पण खालचा मोठा भाग फुकट, आणि खरं सांगू, खालूनही तेच दिसतं. शेजारीच मथायस चर्च, त्याच्या छपरावरच्या रंगीत कौलांकडे जरा निवांत बघा. 1867मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याचा हंगेरीचा राजा म्हणून राज्याभिषेक याच चर्चमध्ये झाला. मग राजवाड्याच्या बाजूने रमतगमत खाली उतरा आणि चेन ब्रिजवरून चालत पेस्टला या, ही एकच वेळ ओलांडायची.

चेन ब्रिजवर मात्र घाई करू नका. हा पूल 1849मध्ये खुला झाला, त्याआधी बुडा आणि पेस्टमध्ये कायमचा पूलच नव्हता, उन्हाळ्यात होड्या जोडून केलेला तरंगता पूल आणि हिवाळ्यात नदीत बर्फ वाहायला लागला की सगळं ठप्प. इश्तवान सेचेनी हा मोठा सरदार माणूस, वडील वारले तेव्हा बर्फामुळे पलीकडे जाता येईना आणि आठवडाभर काठावर अडकून पडला, तिथून म्हणे त्याने पुलाचा ध्यास घेतला. डिझाइन विल्यम टिअर्नी क्लार्क या इंग्रज इंजिनिअरचं आणि प्रत्यक्ष बांधकामावर देखरेख अ‍ॅडम क्लार्क या स्कॉटिश माणसाची, आडनाव एकच पण नातं काही नाही. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती टोलची. तोवर हंगेरीतले सरदार-उमराव कुठलाच कर भरत नव्हते, या पुलावर मात्र टोल सगळ्यांना सारखा, उमराव असो की भाजीवाला. 1945च्या जानेवारीत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पूल उडवला आणि मूळ पूल खुला झाल्याला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, 1949मध्ये, तो पुन्हा उभा राहिला. दोन्ही टोकांना दगडी सिंह आहेत, कोणीतरी सांगेल की शिल्पकार त्यांच्या जिभा करायला विसरला आणि लाजेने त्याने नदीत उडी मारली. थाप आहे. जिभा आहेत, खालून दिसत नाहीत एवढंच.

रविवार पेस्टचा. शनिवारी पेस्ट ठेवलं असतंस तर दोहानी स्ट्रीटचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बंद मिळालं असतं, शनिवार त्यांचा सब्बाथ, विश्रांतीचा वार. युरोपातलं सगळ्यात मोठं सिनेगॉग आहे ते, 1859मधलं. आणि सेंट स्टीफन्स बॅसिलिका रविवारी सकाळी प्रार्थनेसाठी असते, आपल्यासारख्यांना दुपारनंतर सोडतात, तेव्हा तिकडे सकाळी जाऊन दारात ताटकळू नका. पार्लमेंटचं तिकीट मात्र आत्ताच, हे वाचता वाचता, ऑनलाइन काढ. आत फक्त टूरबरोबरच जाता येतं, वेळ ठरलेली असते, आणि वीकेंडच्या इंग्रजी टूर आधीच फुल होतात. तिकिटाचे दर युरोपियन युनियनच्या नागरिकांना कमी आणि बाकीच्यांना जास्त, जर्मनीत राहतेस म्हणून सूट नाही, पासपोर्ट भारतीय तर दर बाहेरच्यांचा.

पैसे जास्त गेले तरी ही एक गोष्ट सोडू नका असं मी म्हणेन. 268 मीटर लांबीची इमारत, घुमट 96 मीटर उंच, कारण मग्यार लोक या प्रदेशात आले ते साल 896 मानतात (बॅसिलिकाही बरोबर 96 मीटर, उगाच नाही). इम्रे श्टाइंडल या आर्किटेक्टची नजर शेवटी गेली होती आणि इमारत पुरी व्हायच्या आत, 1902मध्ये, तो वारला. घुमटाखाली हंगेरीचा पवित्र मुकुट ठेवलाय, त्याच्यावरचा क्रॉस वाकडा आहे तो तसाच ठेवलाय, आणि हा मुकुट दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या हाती गेला, फोर्ट नॉक्समध्ये सोन्याच्या साठ्याबरोबर पडून होता, 1978मध्ये परत मिळाला. तिथे फोटो काढू देत नाहीत. पण मला जास्त आवडतात त्या सभागृहाबाहेरच्या खिडक्यांजवळच्या पितळी पट्ट्या. प्रत्येकीवर खाचा आणि खाचेला नंबर. खासदार सिगार ओढत बाहेर उभे असायचे, आत कोणी चांगलं बोलायला लागलं की सिगार आपल्या नंबरच्या खाचेत ठेवून आत पळायचे, भाषण लांबलं की सिगार जळून राख. कोणाचं भाषण किती भारी ते त्या राखेवरून ठरायचं म्हणे. गाइड पुढे निघून जातो, तुम्ही दोघी मागे रेंगाळून त्या खाचा बघा.

बाकी यादीतलं जे उरेल ते उरू दे. मैत्रीण भेटतेय ना, ते मुख्य.

प्रश्न: आमचा कॉलेजचा जुना मित्र व्हिएन्नात स्थायिक आहे, त्याच्यासोबत दोन दिवस बुडापेस्ट ठरतंय. दोघंही साठी ओलांडलेले, माझ्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मित्र उत्साही आहे, म्हणतो सगळं चालत करू. मला नाही म्हणायला संकोच वाटतो. टेकडीवर जायचं तरी कसं?

उत्तर: संकोच सोडा आणि मित्राला आजच फोन करून सांगा, इतक्या वर्षांची दोस्ती गुडघ्यामुळे तुटत नसते. तिथे जाऊन अर्ध्या चढावर सांगितलंत तर मात्र त्याचाही मूड जाईल आणि तुमचाही.

बुडाच्या किल्ल्यावर चढायची काहीच गरज नाही. 16 नंबरची बस देआक फेरेंत्स चौकातून निघते, चेन ब्रिजवरून जाते आणि थेट वर नेऊन सोडते, साधा पास चालतो. 1870पासूनची फ्युनिक्युलर म्हणजे तारेवर ओढली जाणारी गाडीही आहे, मजेशीर आहे, पण तिला वेगळं तिकीट आणि बऱ्याचदा लांब रांग, आणि रांगेत उभं राहणं हे चालण्यापेक्षा गुडघ्याला वाईट. तिसरा रस्ता म्हणजे नदीकाठच्या वार्केर्ट बाजार या जुन्या देखण्या इमारतींच्या मागून सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, हळूहळू वर राजवाड्याच्या अंगणापर्यंत नेतात. माझं मत विचाराल तर जाताना बस, येताना सरकते जिने.

मेट्रोबद्दल एक सावधगिरी. एम-2 लाइन खोल आहे, तिथले सरकते जिने लांबलचक आणि आपल्या सवयीपेक्षा बरेच वेगात पळतात, पहिलं पाऊल टाकताना कठडा घट्ट धरा. एम-1 मात्र तुमच्यासाठीच बनवल्यासारखी, 1896मध्ये सुरू झालेली, युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात जुनी मेट्रो, रस्त्याच्या अगदी खालीच असल्याने थोड्या पायऱ्या उतरलं की प्लॅटफॉर्म. पिवळे बुटके डबे, पांढऱ्या टाइल्स, जुनी लाकडी दारं. एकच घोळ होतो, बऱ्याच स्टेशनांवर दोन दिशांच्या प्लॅटफॉर्मना रस्त्याच्या दोन बाजूंनी वेगवेगळे जिने आहेत, उतरायच्या आधी पाटीवर दिशा वाचा नाहीतर परत वर, रस्ता ओलांडा, परत खाली.

आणि पेस्टच्या काठाने धावणारी 2 नंबरची ट्रॅम. नदीकडच्या खिडकीत बसा दोघं, पार्लमेंट, चेन ब्रिज, समोर किल्ला, गेलेर्ट टेकडी, सगळं बसल्या जागी. शेवटच्या स्टॉपला उतरून परत त्याच ट्रॅमने या. संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा एकदा. मित्राला फारच चालायची हौस असेल तर त्याला गेलेर्ट टेकडी एकट्याने चढू द्या, तुम्ही खाली कॉफी घ्या.

प्रश्न: पैशांचं कसं करायचं? युरो चालतात का? आणि दोघांत खर्च वाटून घेताना दर वेळी माझाच जास्त जातो असं मला वाटतं पण बोलता येत नाही.

उत्तर: हंगेरी युरोपियन युनियनमध्ये 2004पासून आहे पण चलन फोरिंट. टुरिस्ट भागात युरो घेतात काही जण, पण भाव ते ठरवतील तो, म्हणजे तोटा तुमचाच. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. मशीनवर किंवा एटीएमवर विचारतील की तुमच्या चलनात रक्कम कापू का, तिथे न चुकता फोरिंटच निवडा, नाहीतर मधल्या मध्ये वाईट दराने चार पैसे खाल्ले जातात. स्टेशन-एअरपोर्टवरच्या मनी एक्स्चेंजच्या काउंटरकडे बघूही नका. रोख देताना हिशोब पाचाच्या पटीत वर-खाली होतो कारण एक आणि दोन फोरिंटची नाणी 2008मध्येच बंद झाली, त्यामुळे दोन फोरिंटवरून दुकानदाराशी वाद नको. हॉटेलच्या बिलात 10-15 टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असतो बरेचदा, तो बघून मग टिप.

मित्राबद्दल. रोज रात्री हिशोब करत बसलात तर दोघांच्या कपाळाला आठ्या. पहिल्याच दिवशी सारखी रक्कम काढून एका पाकिटात टाका, जेवण, ट्रॅम, कॉफी सगळं त्यातून, संपलं की परत सारखं टाका. पाकीट एकाकडे, मोजणारा दुसरा. दारू मात्र ज्याची त्याने, नव्वद टक्के भांडणं तिथूनच सुरू होतात, हा आपला माझा अंदाज, कुठली पाहणी नाही.

प्रश्न: माझ्या मैत्रिणीला तिथल्या गरम पाण्याच्या बाथमध्ये जायचंच आहे. मला लाज वाटते, सगळ्यांसमोर स्विमसूटमध्ये वगैरे. नको म्हटलं तर ती हिरमुसेल. काय असतं नक्की तिथे?

उत्तर: गावाखालून गरम पाण्याचे झरे आहेत, त्यावर हे बाथ उभे आहेत, काही तर तुर्कांच्या राजवटीतले, सोळाव्या शतकातले. सगळ्यात प्रसिद्ध सेचेनी बाथ, 1913चा, मोठ्या बागेत, पिवळ्या राजवाड्यासारखी इमारत आणि मधोमध उघड्यावर मोठे हौद. झऱ्याचं पाणी 74 आणि 77 अंशांचं येतं, ते निववून हौदात सोडतात, मोठ्या गरम हौदात अंदाजे 38 अंश. थंडीत गेलात तर वाफेत समोरचा माणूस दिसत नाही, लाजायचा प्रश्नच मिटला! म्हातारे बाबा छातीभर पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळतात, पट काठावर, आणि विचारात इतके बुडालेले की त्यांना तुझ्या स्विमसूटशी काही देणंघेणं नाही. कोणीच कोणाकडे बघत नाही गं, सगळ्या वयाची, सगळ्या आकाराची माणसं असतात, दहा मिनिटांत तू विसरशील.

पोहण्याच्या कापडाचा, गुडघ्यापर्यंतचा आणि बाह्यांचा सूट घाल हवा तर, फक्त सुती टी-शर्ट आणि लेगिंग घालून पाण्यात उतरू नकोस. टॉवेल आणि रबरी चपला घरून ने, तिथे विकत-भाड्याने महाग पडतात. तिकीट दोन प्रकारचं, लॉकरचं आणि केबिनचं, केबिन म्हणजे दार लागणारी छोटी खोली. कपडे बदलायची लाज असेल तर तू केबिनचं घे आणि मैत्रिणीला लॉकरचं घेऊ दे, केबिन दोघी वापरा. मनगटाला पट्टा देतात, त्यानेच दार उघडतं. पोहायच्या हौदात टोपी सक्तीची आहे, गरम हौदांत नाही. बाहेरच्या एका हौदात गोल भिंतींच्या मध्ये पाणी जोरात फिरत असतं, आत शिरलं की तुम्हाला गोल गोल ढकलत नेतं, तिथे मोठी माणसं लहान मुलांसारखी ओरडतात. गरम पाण्यात एका वेळी वीसेक मिनिटं पुरे, मग बाहेर, पाणी प्या. बीपी असेल किंवा पोटुशी असाल तर डॉक्टरांना आधी विचारा.

वीकेंडला तिकीट जास्त आणि गर्दी तर विचारू नका, म्हणून सकाळी उघडताच. शांतता हवी तर रुदाश, बुडाच्या काठावर, आत तुर्की घुमट, घुमटाखाली अष्टकोनी हौद, छतातल्या छोट्या रंगीत काचांतून ऊन पाण्यावर पडतं, आणि गच्चीवर एक गरम हौद ज्यातून डॅन्यूब दिसते. गेलेर्टचा बाथ फोटोंत सुंदर दिसतो पण तो सध्या दुरुस्तीसाठी बंद आहे, त्याचे जुने फोटो बघून प्लॅन करू नका.

आणि तरीही नाही वाटलं जावंसं, तर नको जाऊस. तिला जाऊ दे, तू त्या बागेतच फीर, बाजूलाच वायदाहुन्याद किल्ला आहे, जो 1896च्या प्रदर्शनासाठी आधी पुठ्ठा-लाकडाचा केला होता आणि लोकांना इतका आवडला की नंतर पक्का बांधला. दोन तासांनी भेटा.

प्रश्न: मी शुद्ध शाकाहारी, मित्र सगळं खातो. उपाशी राहीन का?

उत्तर: नाही, पण डोळे उघडे ठेवावे लागतील. गुयाश, ज्याला आपण गुलाश म्हणतो, तो तिथे पातळ सूप असतो आणि त्यात गोमांस. बीन्सच्या सूपमध्येही हॅम घालतात. तुझ्यासाठी लांगोश, म्हणजे तळलेली मोठी पुरी म्हण, वर आंबट साय आणि किसलेलं चीज, लसूण चोळून. तळायला कधी कधी डुकराची चरबी वापरतात, तेवढं विचार. रांतोत शायट म्हणजे तळलेलं चीज जवळपास सगळ्या हॉटेलांत मिळतं. फोझेलेक ही आपल्या दाटसर पातळभाजीच्या जवळची चीज, पालक, मसूर, बटाटा, भोपळा, पण वर सॉसेज ठेवून देतात आणि कधी मांसाचं पाणीही घालतात. ‘हूश नेल्क्युल’ म्हण, म्हणजे मांस नको. नोकेडली या पिठाच्या गोळ्यांत अंडं असतं. उन्हाळ्यात आंबट चेरीचं थंडगार सूप पिऊन बघ, जेवणाच्या आधी गोड सूप हे आपल्या पचनी पडायला दोन चमचे लागतात, तिसऱ्यापासून आवडतं. शेवटी दोबोश केक, 1885मधला, योझेफ दोबोश या मिठाईवाल्याचा, चॉकलेटचे थर आणि वर कडक साखरेचा पापुद्रा.

तिखटाचं म्हणशील तर तिथली लाल पापरिका रंगाला पुढे, तिखटाला मागे. टेबलावर ‘एरोश पिश्ता’ नावाची लाल चटणी मागून घे, ती झणझणीत. सेगेद गावातल्या पापरिकातूनच आल्बर्ट सेंट-ज्योर्जी यांनी भरपूर सी जीवनसत्त्व वेगळं काढलं, 1937चं नोबेल त्यांना मिळालं, तेव्हा पापरिकाला अगदीच नावं ठेवू नकोस.

प्रश्न: ताई, माझ्या मित्राला रात्री दोनपर्यंत रुइन बारमध्ये, म्हणजे पडक्या इमारतींत थाटलेल्या बारमध्ये, बसायचंय आणि दुपारी बारापर्यंत झोपायचंय. मला म्युझियम बघायची आहेत. मागच्या ट्रिपला असंच झालं, दोघांनीही काहीच धड केलं नाही. ट्रिप रद्द करू का?

उत्तर: रद्द कशाला, झोपू दे ना त्याला! आपल्याकडे एक विचित्र समजूत आहे की सोबत गेलो म्हणजे दात घासण्यापासून सगळं सोबत. त्याची सकाळ तशीही झोपेत जाणार, ती सकाळ तुझी. हाउस ऑफ टेरर बघ, आंद्राशी रस्त्यावर 60 नंबरला, आधी नाझींच्या बाजूच्या अ‍ॅरो क्रॉसवाल्यांचं ठाणं आणि मग कम्युनिस्ट गुप्त पोलिसांचं, तळघरातल्या कोठड्यांपर्यंत नेतात. ते बघून झाल्यावर कोणाशी बोलावंसंही वाटत नाही, एकटा गेलास तेच बरं. त्याच रस्त्यावर फेरेंत्स होप म्युझियम आहे, आशियाई कलेचं. आणि चित्रांची आवड असेल तर लक्षात असू दे की अमृता शेरगिल याच गावात जन्मली, 30 जानेवारी 1913ला, आई हंगेरियन, वडील पंजाबचे सरदार. तिथल्या भारतीय सांस्कृतिक केंद्रालाही तिचंच नाव आहे.

दुपारी एकला भेटा, जागा पक्की ठरवा, फोनवर “कुठे आहेस” चालू नको. मग उरलेला दिवस एकत्र. आणि तूही एक रात्र त्याच्यासोबत जा, सिम्प्ला केर्ट हा त्यातला सगळ्यात जुना आणि प्रसिद्ध, जुन्या यहुदी वस्तीतली पडायला आलेली इमारत, अंगणात बाथटब कापून केलेला सोफा, भिंतीवर मोडके टीव्ही, छताला काय वाट्टेल ते लटकलेलं. मला विचारशील तर रात्रीपेक्षा रविवारी सकाळी तिथे भरणारा शेतकऱ्यांचा बाजार जास्त आवडतो, पण तुझा मित्र त्या वेळी झोपलेला असेल.

रस्त्यात दोन गोड मुली येऊन “आमच्यासोबत अमुक बारमध्ये चला” म्हणाल्या तर हसून पुढे निघा, दोन ड्रिंकचं बिल डोळे पांढरे करणारं येतं, ही तिथली जुनीच भानगड आहे. टॅक्सी रस्त्यावर हात करून नको, अ‍ॅपवरून किंवा फोनवर बोलवा. 4-6 नंबरच्या ट्रॅमच्या मार्गावर रात्रभर 6 नंबर चालते, तीच स्वस्त.

प्रश्न: पार्लमेंटजवळ नदीकाठी लोखंडी बूट आहेत म्हणे. मागे कोणाच्या तरी स्टोरीवर त्या बुटांत पाय घालून काढलेला फोटो पाहिला आणि कसंतरीच झालं. आमच्या ग्रुपमधली एक तशीच आहे, तिला कसं सांगू?

उत्तर: तिला तिथे पोचायच्या आधी सांग, ट्रॅममध्ये बसलात की. 1944-45च्या हिवाळ्यात अ‍ॅरो क्रॉसच्या लोकांनी ज्यूंना नदीच्या कडेला उभं करून गोळ्या घातल्या, प्रेतं नदीत पडावीत म्हणून अगदी काठावर. त्याआधी बूट काढायला लावायचे, कारण बूट महाग, परत वापरता येतात. 2005मध्ये जान तोगाय आणि ज्युला पाउएर यांनी तिथे 60 जोड बूट बसवले, लोखंडाचे, त्या काळातल्या फॅशनचे. जवळ बसून बघ, एकाची टाच झिजलेली आहे, एक जोड लहान मुलाचा आहे. लोक त्यात फुलं, छोटे दगड ठेवून जातात. हे ऐकल्यावर बहुतेक माणसं फोन खाली ठेवतात. नाही ठेवला तर तू थोडी लांब जाऊन उभी राहा, तिच्या फोटोत येऊ नकोस, भांडण तिथे नको.

प्रश्न: रविवारी संध्याकाळचं फ्लाइट आहे, सामान घेऊन कुठे फिरणार? एअरपोर्टला कसं जायचं?

उत्तर: सामान हॉटेलवाल्यांकडेच ठेवा, बहुतेक ठेवून घेतात, नाहीतर मोठ्या स्टेशनांवर लॉकर आहेत. देआक फेरेंत्स चौकातून 100ई बस थेट एअरपोर्टला जाते, पण तिला स्वतःचं वेगळं तिकीट लागतं, तुमचा 24 किंवा 72 तासांचा पास तिथे चालत नाही, बसमध्ये चढताना कार्ड टेकवूनही पैसे देता येतात. पासच वापरायचा असेल तर मेट्रो एम-3ने कोबान्या-किश्पेश्तपर्यंत आणि तिथून 200ई बस, थोडा वेळ जास्त. साधं सुटं तिकीट काढलंत तर मेट्रोत शिरताना मशीनमध्ये ठोकायला विसरू नका, तपासनीस सरकत्या जिन्यांच्या तोंडाशीच उभे असतात आणि दंड करताना ऐकून घेत नाहीत. आणि रविवारी संध्याकाळी सिक्युरिटीच्या रांगा मोठ्या असतात, त्यामुळे शेवटचा केक आधीच खाऊन घ्या.